डाव्या कानाचा दाखला

चंद्रभान बंगळूरहून चारठाण्याला परतला, त्याच्या आधी त्याचं कार्ड येऊन पोचलं होतं. अफसरीसाठी निवड झाली, लष्कराच्या मंडळानं पास केलं, आता नुसती डॉक्टरी तपासणी राहिली, एवढाच मजकूर. शाळेच्या मास्तरांनी तो चावडीवर दोनदा वाचून दाखवला. ‘नुसती डॉक्टरी तपासणी’ या शब्दांवर गावातलं कुणी अडलं नाही. लिंबाजीचा पोरगा म्हणजे ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून भरल्या ओढ्यातून पलीकडं जाणारा गडी. त्याला डॉक्टर काय तपासणार, डॉक्टरालाच घाम फुटेल, असं म्हणून लोक हसले. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं होत आली होती. त्या राज्यात कुणब्याचं शिकलेलं पोर फार तर पटवाऱ्याच्या हाताखाली लागायचं. आता लिंबाजीच्या पोराच्या खांद्यावर पितळी तारे चढणार होते.

म्हणून जिंतूरची मोटार फाट्यावर थांबली तेव्हा तिथं हलगी होती. सटवाजी ती जाळावर शेकून, ताणून तयार बसला होता. लिंबाजी नवं मुंडासं बांधून सगळ्यांच्या पुढं उभा होता. चंद्रभान उतरला आणि हलगी कडाडली. कुणी गुलाल फासला, कुणी वळकटी हातातून ओढून घेतली. त्यानं एकदा तोंड उघडलं, पण त्या गलक्यात त्याचं कोण ऐकणार? आणि खरं सांगायचं तर त्यालाही बोलायचा धीर झाला नाही. तसाच तो मारुतीपर्यंत चालत गेला, नारळ फोडला, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडला. घरी आल्यावर दार ओढून घेतलं आणि मग बापाला म्हणाला,

“अण्णा, मला घेतलं न्हाई.”

लिंबाजी मुंडासं सोडत होता. हात तसेच डोक्यावर राहिले. “म्हंजे? कार्डात तर पास लिव्हलंय.”

“मंडळानं पास केलं. डॉक्टरांनी काढलं. डाव्या कानाचा पडदा फाटलाय म्हणले.”

धुरपदाबाई चुलीपुढून उठून आली. “आगं बया! माणसाला कान काय एकच असतो व्हय? दुसऱ्यानं ऐकू येतंय न्हवं?”

“या कानानंबी येतंय की, आई.”

“मग?”

बाहेर पोरं अजून त्याच्या नावानं ओरडत होती.

बंगळूरला त्यानं काय कमी केलं होतं? दोरावरून चढला, ओंडके खंदकावरून पलीकडं नेले. मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूतून शिकलेला पोरगा, पुढं औरंगाबादला राहून इंग्रजी रेटून रेटून शिकला आणि त्याच इंग्रजीत मंडळापुढं न अडखळता बोलला. नाव पुकारलं तेव्हा त्याच्यासोबतच्या शहरी पोरांनी त्याला खांद्यावर उचललं होतं. मग लष्करी इस्पितळ. कपाळावर आरसा बांधलेल्या डॉक्टरानं डाव्या कानात बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “लहानपणी कान वाहायचा का?”

कान कधी वाहिला नव्हता. कानावर थापड बसली होती. पण थापड म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: कुणी मारली? पाच वर्षांत ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा झाडावरून पडलो म्हणूनच सांगितलं होतं, आणि ती बिचारी लसणाचं तेल कानात सोडत बसली होती. चंद्रभान म्हणाला, “आठवत नाही, सर.”

डॉक्टरानं लिहिलं: कानाचा जुना आजार, कायमचा अपात्र.

पोराचं तोंड बघून डॉक्टरालाच वाईट वाटलं असावं. त्यानं समजावून सांगितलं की वरच्या बोर्डाकडं अपील करता येतं. आजार असेल तर दार बंदच. पण मार लागून पडदा फाटला असेल, कान कोरडा असेल, ऐकू नीट येत असेल, तर बोर्ड सूट देऊ शकतं. मात्र मार लागल्याचा पुरावा हवा. तोही जबाबदार माणसाचा.

मार लागताना बघणारे पुष्कळ होते. जबाबदार म्हणावा असा त्यांत एकच होता, आणि मारणारा तोच होता.

त्याचं असं झालं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात चंद्रभान पंधरा वर्षांचा होता. शाळा बंद पडल्या होत्या. गावातल्या चार पोरांबरोबर तोही निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेला, तिथं त्याच्याशी लढणाऱ्यांच्या कॅम्पावर राहिला. निरोप पोचवायचे, भाकरी थापायच्या, रायफल पुसायची. कॅम्पाचा म्होरक्या होता परभणीचा दिनकरराव. वकिली शिकता शिकता सोडून आलेला, गोरापान, घोगऱ्या आवाजाचा. माणूस खरोखर छातीचा होता, यात खोटं नाही. त्यानं रेल्वेच्या तारा तोडल्या होत्या, गोळी मांडीतून आरपार गेली तरी लंगडत साथीदाराला खांद्यावर घेऊन आला होता. पोरं त्याच्या शब्दासाठी जीव टाकायची. चंद्रभान तर सगळ्यात पुढं.

मग फौजा आल्या, चार-पाच दिवसांत निजाम शरण गेला आणि कॅम्पावरची पोरं आपल्या मुलखात उतरली. चारठाण्याजवळच्या नांदुरवाडीत मदार पिंजाऱ्याचं घर होतं. हा मदार दर हिवाळ्यात चारठाण्याला यायचा, घरोघरच्या गाद्या पिंजून द्यायचा. लहानपणी चंद्रभान त्याच्या कापसाच्या ढिगावर लोळायचा आणि मदार त्याला ओरडायचा नाही. मदारनं कधी रझाकारांना पाणी पाजलं असेलही. बंदूकवाल्याला पाणी नाही म्हणणारा कोण असतो? पण त्याच्या घरात रझाकार नव्हता. होते ते दोन बैल, आणि ओढ्याकाठी काळं कसदार रान. त्या रानावर नांदुरवाडीतल्या कितीकांचा डोळा होता.

एक दिवस रझाकार दडलेत म्हणून त्या घरावर चालून आलेल्यांत कॅम्पावरची पोरं थोडी आणि कधी कुठल्याच कॅम्पावर न गेलेली माणसं जास्त होती. चंद्रभान दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. “हितं कुणी न्हाई. मदारचाचा अन् जैनबी हायेत फकस्त.”

दिनकरराव म्हणाला, “बाजूला हो.”

तो झाला नाही. दिनकरराव पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा तो बोलला नाही, त्याचा हात बोलला. उघड्या पंजाची थापड कानावर बसली आणि चंद्रभानाच्या डोक्यात शिट्टी वाजली. तो उंबऱ्यावरून खाली गेला. सावध झाला तेव्हा गालावरून रक्ताचा ओघळ आला होता आणि घरातला कापूस धुमसत होता. मदार आणि जैनबी मागच्या दारानं निसटले होते. त्या घरात कुणी मेलं नाही. त्या आठवड्यात तेवढंही पुष्कळ होतं.

आता लिंबाजीला हे सगळं सांगणं चंद्रभानाला भाग पडलं. लिंबाजीनं ऐकून घेतलं. बराच वेळ त्यानं तंबाखू मळली. मग एवढंच म्हणाला, “परभणीला जा. ज्यानं फाडला त्योच शिवून दील.”

परभणीला त्यानं आधी सरकारी डॉक्टर गाठला. डॉक्टरानं कान तपासला, पाठ फिरवून उभं केलं, लांबून पुटपुटून आकडे विचारले. चंद्रभानानं सगळे बरोबर सांगितले. “कान कोरडा आहे. आजार नाहीच हा,” डॉक्टर म्हणाला. “मी तसं लिहून देतो. पण मार कसा लागला, कुणी पाहिला, ते दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे.”

मदार परभणीतच आहे, हे चंद्रभानाला ठाऊक होतं. शोधत गेला तर स्टेशनाकडच्या रस्त्याला पत्र्याच्या एका छपरात तो सापडला. दाढी पांढरी झाली होती, पापण्यांवर कापसाचे तंतू बसले होते.

“मदारचाचा, वळखलं का?”

“तेरेकू नै पैचानूंगा तो किसकू पैचानूंगा रे?” मदार उठला आणि त्यानं पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “लिंबाजीचा चंदू. केवढा झालास!”

जैनबीनं चहा टाकला. चंद्रभानानं सगळं सांगितलं. मदारला वाटलंच नाही की यात विचार करण्यासारखं काही आहे. “मी सांगतो. कुठं येऊ बोल. अंगठा पायजे तर अंगठा, सही पायजे तर उर्दूत सही करतो. माझ्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत मारलं.”

जैनबी चुलीपासून वळली. “गप बसा तुमी. रान न् घर परत मिळायची दरखास्त पडलीय जिंतूरच्या तहसीलीत. रान कसायलाय कोण? दिनकररावाचा चुलतभाऊ. आन् आता त्याच्याच नावानं गवाही देणार? मिळालं मग रान!”

“ह्या पोरानं दारात उभं राहून मार खाल्ला,” मदार म्हणाला, “तवा त्यानं काय दरखास्त बघितली होती?”

जैनबीनं चंद्रभानापुढं चहाची कपबशी ठेवली, आणि बशीत सांडलेला चहा पदरानं पुसला.

कागद तयार करून उद्याच येतो, असं सांगून चंद्रभान निघाला. त्याच उमेदीनं तो पुन्हा सरकारी डॉक्टराकडं गेला. डॉक्टर भला माणूस होता, पण जग बघितलेला. त्यानं मान हलवली.

“पिंजाऱ्याचा अंगठा लष्कराच्या बोर्डापुढं? आणि त्यात काय लिहिणार, दिनकररावांनी मारलं? अहो, जिल्ह्यात आज त्यांच्या शब्दावर कलेक्टर उठतो-बसतो. ते म्हणतील, असं काही झालंच नाही. मग तुमच्या अपिलाचं काय राहिलं? त्यांच्याकडंच जा. कॅम्पाच्या म्होरक्याचा दाखला, वर तुमचा शपथेवरचा हलफनामा. त्याला कुणी ना म्हणणार नाही.”

चंद्रभान रात्रभर धर्मशाळेत पडून होता. सकाळी त्याचे पाय मदारच्या छपराकडं वळले नाहीत.

दिनकररावांच्या बैठकीत माणसांची गर्दी होती. कुणाला बदली हवी होती, कुणाला विहिरीच्या कर्जाचा कागद. दिनकररावांचं अंग सुटलं होतं, लंगडणं तेवढं तसंच होतं. चंद्रभानाला बघताच ते उठले, सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. “अरे, हा आमच्या कॅम्पावरचा सगळ्यात धाकटा शिपाई! वाघ होता वाघ!” त्याला शेजारी बसवून घेतलं, आत निरोप पाठवून पोहे मागवले. कान फाटल्याचं, अपिलाचं ऐकलं तेव्हा त्यांचे डोळे खरोखर ओलावले.

“आपल्या मुलखातला पोरगा लष्करात अफसर होतोय आणि डॉक्टर कान बघत बसलेत! लिहा हो,” त्यांनी कारकुनाला सांगितलं. “सदर चंद्रभान लिंबाजी हा कॅम्पावर माझ्या हाताखाली होता. रझाकारांशी झालेल्या चकमकीत, बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा डाव्या कानावर बसून…”

“दादा,” चंद्रभान म्हणाला. “रझाकारानं न्हाई मारलं.”

“मग?”

“जरा आत येता?”

आतल्या खोलीत गेल्यावर त्यानं सांगितलं. दिनकरराव त्याच्याकडं बघत राहिले. त्या तोंडावर राग नव्हता, चोरी पकडल्याची शरमही नव्हती. ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. चंद्रभानाला हे सगळ्यात जास्त लागलं. ज्या थापडेनं त्याची झोप उडवली, ज्या थापडेनं त्याला बंगळूरहून परत पाठवलं, ती मारणाऱ्याच्या ध्यानातही राहिली नव्हती.

“नांदुरवाडी…” दिनकरराव म्हणाले. “हां, पिंजाऱ्याचं घर. असेल. त्या दिवसांत काय काय झालं, कुणी मोजलंय? मोठ्या भावाची थापड म्हणून सोडून दे.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आता सांग. मी काय लिहू? पिंजाऱ्याच्या दारात आडवा आला म्हणून मीच मारलं? लिहितो! तुझ्यासाठी तेही लिहितो. पण बोर्ड काय म्हणेल? हा पोरगा हुकूम मोडणारा आहे. वरिष्ठानं बाजूला हो म्हटलं तर होत नाही. असा अफसर घेतील ते?”

ही गोष्ट चंद्रभानाच्या मनात आली नव्हती आणि ती खोटीही नव्हती.

दाखला लिहून झाला. दिनकररावांनी वाचून दाखवला. त्यात एक ओळ वाढली होती: नांदुरवाडीतल्या मदार पिंजारी याच्या घरात दडून बसलेल्या रझाकारांनी.

“दादा, चाचाचं नाव कशाला?”

“ठिकाण नको? बोर्ड विचारणार, चकमक कुठं झाली. हवेत झाली म्हणून सांगतोस?”

“त्याची दरखास्त हाय तहसीलीत. रानाची.”

“हा कागद पुण्याला जाणार आहे रे. लष्करात. जिंतूरच्या तहसीलीत कोण बघतंय?” दिनकररावांनी चष्मा काढला. आवाज अजून गोडच होता. “नको असेल तर नको. जबरदस्ती नाही. तुझ्या अण्णाला सांग, पोराचं मन खात होतं म्हणून तो घरी बसला.”

बाहेर माणसं ताटकळत होती. कारकून हलफनाम्याचा कागद पुढं करून उभा होता. त्यात तेच सगळं, फक्त ‘मी’ म्हणून. मी खरं सांगतो की. चंद्रभानाला फाट्यावरची हलगी आठवली आणि मुंडाशावर थांबलेले बापाचे हात. दिनकररावांनी ती ओळ कशासाठी घातली, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. त्यानं स्वतःला सांगितलं की कागद पुण्याला जाणार आहे. आणि सही केली.

मॅजिस्ट्रेटपुढं हलफ घेऊन तो परत निघाला तेव्हा स्टेशनाच्या रस्त्यानं जाणारी मोटार सोडून त्यानं पलीकडून जाणारी पकडली.

पुण्याच्या बोर्डावर एक पिकल्या मिशांचा कर्नल होता. त्यानं डॉक्टराचा कागद वाचला, दाखला वाचला, मग खुर्चीवरून उठून उभा राहिला. “रझाकार?”

“येस, सर,” चंद्रभान म्हणाला. कागदावर लिहिणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. पण तेही जमलं.

कर्नलनं त्याचा हात हातात घेऊन दाबला. सूट मिळाली. चारठाण्यात पुन्हा हलगी वाजली आणि या खेपेला धुरपदाबाईही पदर खोचून बायकांत नाचली.

डेहराडूनची दोन वर्षं कशी गेली ते कळलं नाही. कष्टाची त्याला सवय होती. तारा लागला, पलटण मिळाली, आणि छप्पनच्या उन्हाळ्यात सेकंड लेफ्टनंट चंद्रभान पहिल्या रजेवर घरी आला. जिंतूरला दिनकररावांनी त्याचा सत्कार ठेवला. हार घालताना ते सभेत म्हणाले, “याच्या डाव्या कानावर आपल्या मुक्तीची मोहोर आहे!” टाळ्या पडल्या. चंद्रभानानं ताठ उभं राहून त्या ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी त्याला म्हणाला, “चल, तुला एक गंमत दावतो.” बैलगाडी जुंपून त्यानं पोराला नांदुरवाडीच्या ओढ्याकाठी नेलं. नांगरलेलं काळं रान ओढ्यापर्यंत पसरलं होतं. ढेकूळ हातात घेऊन लिंबाजीनं ते कुस्करलं. “कशी हाय माती? लोण्यावानी. दिनकररावानं चुलतभावाकडून सोडवून बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलंय. मनला, पोरानं नाव काढलं, आता घरातलाच माणूस हाय तुमी. पुढंमागं नावावरबी करून दील.”

“हे मदारचाचाचं रान हाय, अण्णा.”

“व्हतं,” लिंबाजी म्हणाला. “तहसीलदारानं दरखास्त फेटाळली की. दोन वर्सं झाली. त्याच्या घरात रझाकार सापडले व्हते म्हणून.” ढेकळाची माती त्यानं धोतराला पुसली. पोराकडं बघितलं नाही. “कागद दाखल केला म्हणं दिनकररावाच्या वकिलानं. तुजा.”

“अण्णा, रझाकार नव्हते तिथं. तुमाला सांगितलं व्हतं मी.”

“मला काय सांगतोस? मी कुटं सही केली?” लिंबाजीचा आवाज एकदम चढला. मग तो खाली आला. “रान कुणीतरी करणारच व्हतं बाबा. आपुन न्हाई केलं तर दुसरं कुणी करील. मदार तर येत न्हाई आता.”

बापलेक गाडीत बसून परत आले.

चंद्रभान परभणीला गेला. साधा सदरा घातला होता, तरी छपरात शिरताना त्याच्या बुटांचा आवाज झाला. मदारनं मान वर केली. उठला नाही.

“या साहेब.”

“चाचा, साहेब नका म्हणू.”

“मग काय म्हणू? बसा. जैनबी, साहेबाला बसायला दे कायतरी.”

जैनबीनं गोणपाट अंथरलं आणि मागं सरून उभी राहिली. चहाचं नाव तिनं काढलं नाही. चंद्रभान गोणपाटावर बसला. येताना गाडीत त्यानं बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

“तवा तू कागद घेऊन येणार व्हतास,” मदारच म्हणाला. “मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं न्हाई. म्हटलं पोरगा येईल, कचेरीत जायचं, तर धुतलेला कुडता घालून बसलो. दोन दिवस बसलो. मग तहसीलीत कागद वाचून दावला समोरच्या वकिलानं. तुझं नाव ऐकलं तवा मीच म्हणलो, दुसरा कुणी चंद्रभान आसंल.”

“चाचा, माझ्याकडून चूक झाली. कागद पुण्याला जाईल म्हणले व्हते. मला वाटलं…” तो थांबला. काय वाटलं होतं, ते मदारला सांगण्याजोगं नव्हतं. “मी दुरुस्त करतो. तहसीलीत लिहून देतो की घरात कुणी रझाकार नव्हता. मला दिनकररावांनी मारलं. सगळं लिहून देतो.”

“खरं?”

“खरं.”

“आन् मग तुझी अफसरी?”

“जाईल तर जाऊ द्या,” चंद्रभान म्हणाला. आणि म्हणताना त्याला ते अगदी खरं वाटलं.

मदारनं हातातलं काम बाजूला ठेवलं. अंगावरचा कापूस झटकला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, कोपऱ्यातल्या वहाणा ओढून पायांत सरकवल्या आणि तो छपराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

“चल.”

“आत्ता?”

“जिंतूरची मोटार हाय आता. कचेरी उघडी आसती संध्याकाळपातुर. चल, मी वकिलालाबी घेतो.”

रस्त्यावरून एक टांगा गेला. चंद्रभान उठायला लागला. खरंच लागला, एक गुडघा त्यानं उचललाही. मग त्याच्या मनात आलं की खोट्या हलफेचा गुन्हा होतो. नुसती नोकरी जात नाही, कोर्ट मार्शल होतं, तुरुंगही होतो. पलटणीतली माणसं दिसली, आई दिसली. “चाचा,” तो म्हणाला, “लष्करातल्या माणसाला असं एकदम लिहून देता येत न्हाई. वर विचारावं लागतं. कर्नलसाहेबांची परवानगी… मी पलटणीत गेलो की पहिल्यांदा तेच…”

मदार उन्हात उभा होता. त्यानं घाई केली नाही. वाट बघत राहिला, जणू पोरगा बुटाची नाडी बांधतो आहे आणि बांधली की निघणार आहे.

शेवटी जैनबीच बोलली. “आत या. ऊन लागायलंय. त्यो न्हाई यायचा.”

मदार आत आला. वहाणा काढून त्यानं होत्या त्या कोपऱ्यात ठेवल्या, टोपी खुंटीला लावली आणि चंद्रभानाकडं पाठ करून कामाला बसला. कापूस उडायला लागला. चंद्रभान उठला. जैनबीनं त्याच्याखालचं गोणपाट उचललं आणि बाहेर नेऊन झटकलं.

रजा अजून पुष्कळ उरली होती, पण तो चारठाण्याला परत गेला नाही. स्टेशनावर येऊन त्यानं मनमाडची गाडी धरली आणि घरी कार्ड टाकलं की पलटणीतून तातडीचं बोलावणं आलं. लिंबाजीनं ते मास्तरांकडून वाचून घेतलं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला असं असायचंच, असं तो चावडीवर चार माणसांना म्हणाला. मृगाचा पाऊस त्या साली वेळेवर पडला आणि नांदुरवाडीच्या रानात लिंबाजीनं सगळ्यांच्या आधी पेरणीची पाभर घातली.